फक्त पाहता येईल

दोन हजार नऊ साली घेतलं होतं ते.
एक सीडी, एक हिरवा डाँगल,
बारा हजार सहाशे, रोख, पक्की पावती.
मुर्तझाभाईंनी डाँगलला बोटानं अत्तर लावलं,
नव्या तिजोरीला लावतात तसं,
आणि म्हणाले, कुंदाबाई, आता हे आपलं.

'आपलं' हा शब्द नागदेवी स्ट्रीटवर
कुणी सहज उच्चारत नाही.
दुकान पागडीचं,
वरचा माळा कोर्टात,
दारातली हातगाडी कुणाच्या तरी मामाची.
पण बासष्ट-शून्य-तीनचे किती डबे आले, किती गेले,
कुणाकडे किती अडकले,
हे मात्र आपलं होतं.

काल सकाळी मशीन चालू केलं तर पाटी:
आपला परवाना संपला आहे.
आपण आपली माहिती फक्त पाहू शकता.

सोळा वर्षं मीच टाइप केलेली नावं,
आणि आता काचेपलीकडे,
राणीच्या बागेतल्या पाणघोड्यासारखी.
बघा. हात लावू नका. खायला घालू नका.

फोन लावला. अकरा मिनिटं बासरी.
मग ऋत्विज, इस्त्री केलेल्या आवाजात:
मॅडम, ते प्रॉडक्ट आता नसतं, आता प्लॅन असतो.
विकत नाही देत आम्ही, वापरायला देतो, वर्षाला.
युजर किती?
मी एकटीच, म्हटलं.
शेठ आहेत, पण ते नुसती बेरीज विचारतात.
विचारणाराही युजर धरतात, मॅडम.

मुर्तझाभाईंना त्यांच्या भाषेत सांगितलं:
शेठ, पागडी गेली, लीव्ह अँड लायसन्स आलं.
मुदत संपली की पुन्हा सही, दर वेळी भाडं वर,
भिंतीत खिळा मारायचा तरी मालकाला विचारून.
ते हसले नाहीत.
त्यांच्या धाकट्या बहिणीनं
पाच वर्षांत चार खोल्या बदलल्यात.

पैसे भरले. भरणारच.
वीस तारखेचं रिटर्न काय ऋत्विजचा बाप भरणार होता?
आलं मग नवीन. गोल कोपऱ्यांचं, फिकट जांभळं,
बिल छापायचं बटण कुठेतरी खाली दडवलेलं.
उघडल्या उघडल्या म्हणालं, हाय कुंदा!
सोळा वर्षांत मुर्तझाभाईंनी
मला 'बाई' जोडल्याशिवाय हाक मारलेली नाही.

चहाचे ग्लास परत गेल्यावर लक्षात आलं,
येणेबाकीत शिवण्णा नाहीत.
शिवण्णा मोटर रिवाइंडिंग, रे रोड,
तीनशे चाळीस रुपये.
माणूस दोन हजार चौदात गेला.
दर एकतीस मार्चला मी विचारायचे, शेठ, बुडीत टाकू?
दर एकतीस मार्चला ते म्हणायचे, राहू दे,
वर्षातून एकदा नाव तरी निघतं.

नव्यानं विचारलं नाही.
कोपऱ्यात बारीक अक्षरांत एवढंच:
निष्क्रिय खाती साफ केली. एकशे सत्तावीस. अभिनंदन!

पुन्हा फोन. पुन्हा तीच बासरी.
जुनी खाती परत मिळतील का?
मिळतील ना मॅडम,
वरच्या प्लॅनमध्ये.

संध्याकाळी झेरॉक्सवाल्याकडून वही आणली,
दोनशेपानी, पंचेचाळीस रुपये, एकदाच.
गेल्या वर्षीचे कडेला भोकं असलेले कागद
फळीखालून ओढले, धूळ झटकली,
आणि एकेक नाव उतरवत बसले.
सदतिसाव्यावर शाई संपली,
दुसरं पेन घेतलं.

मुर्तझाभाई गल्ल्यावरून उठले,
स्टूल ओढून शेजारी बसले.
मोठ्यानं वाचा, म्हणाले.

युजर दोन.