चौकोनात काय काय

मनामाच्या गोदी-ऑफिसात एसीचं पाणी
बादलीत ठिबकतंय, आणि डिझाइनचं जुनं टूल
अजून बाणांच्याच भाषेत विचारतंय:
कुठून आलं, कुठे गेलं.
दहा वर्षं मी तेच काढलं. वर्तुळं, बाण,
चहाच्या ट्रेसारखी हातोहात फिरणारी माहिती.

आता हुकूम आलाय, ऑब्जेक्ट काढा.
ज्याचं त्याच्यापाशी. बाहेरच्यानं आत हात घालायचा नाही,
फक्त विचारायचं.
नव्या टूलला पैसे नाहीत, म्हणून
वर्तुळाला मी चौकोन म्हणते,
बाणाला निरोप.
रात्रीच्या तपासणीत टूल कुरकुरतं, 'प्रवाह अपूर्ण'.
रोदेल म्हणतो, कुरकुरू दे.

जहाज झालं. क्रेन झाली.
क्रेनपासून तरंगती क्रेन, वारसा इतका सहज जुळला
की आईच्या पाटल्या लेकीच्या हातात.
मग कामगार.
नाव, हुद्दा, बिल्ला नंबर,
पासपोर्ट

इथे माउस थांबला.
नियमानं तो त्याच्याच चौकोनात हवा.
पण तो तर खालच्या मजल्यावर
जलीलच्या लोखंडी कपाटात,
रबरबँड लावलेल्या गठ्ठ्यात.
रोदेलचाही. माझाही.

मी आतच लिहिला. पुढे शेरा: खासगी.

'आकृतीत चूक आहे,' दुसऱ्या दिवशी साहेब म्हणाले,
'हा कंपनीकडे असतो.'
'हो,' म्हटलं, 'टूलही रात्रभर कुरकुरलं.'
आणि खोडायचं
विसरले.