दारणाला टेप दिसत नाही

रात्री सव्वादोनला बेंडकुळेंनी गेट उघडलं,
कानटोपीतूनच म्हणाले, "ताई, परत?"
सातपूरच्या रस्त्याकडेला त्यांची शेकोटी,
आत आमची अठरा अंशांची खोली.
आज बाहेरपेक्षा तीच उबदार.

यंत्र एकच. त्याच्या पोटात सात यंत्रं,
जी कुठेच नाहीत, तरी लोकांचे पगार करतात.
नावं खैरनार सरांनी ठेवलेली:
दारणा, कादवा, वालदेवी, बाणगंगा...
प्रत्येकीला वाटतं डिस्क माझी, टेप माझी,
प्रोसेसर तर माझाच.
एकीला दुसरीचा पत्ता नाही.
मला सगळ्यांचा आहे, म्हणून मला उठवतात.

दारणा म्हणत होती, एकशे एक्क्याऐंशीवर टेप नाही.
खरंच होतं. तिला कुणी दिलीच नव्हती.
मी खाली उतरून होस्टला विचारलं,
शून्य पाच नऊ शून्य कुठे आहे?
होस्ट म्हणाला, असं उपकरण अस्तित्वात नाही.

असं उपकरण माझ्या गुडघ्याला टेकलेलं होतं.
हिरवा दिवा, पंख्याची घरघर,
तोंडात अर्धं गिळलेलं कार्ट्रिज.
पाठीवर हात ठेवला. गरम.
पडद्यावर पुन्हा तेच.

मग नेहमीचे उंबरे झिजवले.
केबलचं टोक पुसलं, लावलं.
चॅनेल जिवंत. चारही मार्ग उघडे.
हार्डवेअरच्या यादीत नंबर आहे, ठळक.
कंपनीचा मुलगा पुण्याहून जांभई देत म्हणाला,
"मॅडम, एकदा रीस्टार्ट करून बघता?"
सात नद्या बंद करून बघू का रे बाबा,
पहाटे सहाला पतसंस्थांची फाईल जाते.

खैरनार सर देवळाली कॅम्पात, निवृत्त.
दुसऱ्या रिंगला उचलला.
"झोप नाहीच. सांग."
सगळं ऐकलं, खोकले.
"कॉन्फिग फाईल वाच. चाळू नकोस, वाच.
ते नाही म्हणतंय ना?
मग कुणीतरी त्याला नाही म्हणायला सांगितलंय."

चारशे बाराव्या ओळीवर सापडलं.
उपकरणे, अमान्य: ०५९० ते ०५९एफ.
शेजारी शेरा: तात्पुरते. वी. गां.
तारीख सिंहस्थाच्या वर्षातली.

वी. गां. म्हणजे मी.

नोकरीला आठ महिने झाले होते तेव्हा.
त्या नंबरावरचा म्हातारा ड्राइव्ह
रात्रभर उगाच हाका मारायचा,
काम काही नसताना.
मी एक ओळ लिहिली, हाका थांबल्या,
मी घरी जाऊन झोपले.
ड्राइव्ह पुढे भंगारात गेला,
नंबरावरचा राग फाईलीत राहिला.
गेल्या आठवड्यात नवा आला, कोरा, निरपराध,
आणि त्याला तीच रिकामी खोली मिळाली.

एक कमांड: मान्य.
दुसरी: ऑनलाइन ये.
तिसरी: दारणाला जोड, एकशे एक्क्याऐंशी म्हणून.
दारणाने टेप अशी घेतली
की जणू कधी गेलीच नव्हती.
ना प्रश्न, ना आभार. कार्ट्रिज फिरायला लागलं.

सरांना सांगितलं, सापडलं.
"कुणी लिहिलं होतं?"
"जुनं आहे, सर."
"हं," म्हणाले, आणि फोन तसाच धरून राहिले थोडा वेळ.

ओळ खोडली. मग एकदा पुढच्या दोनशे ओळी वाचल्या,
आणखी कुणाकुणाला मी नाही म्हणून ठेवलंय ते.

बेंडकुळेंनी वही पुढे केली. "काय बिघडलं होतं?"
"काहीच नाही."
कारणाच्या रकान्यात 'टेप' लिहिलं,
आणि सही केली. या वेळी अख्खी:
वीणा रावसाहेब गांगुर्डे.
बोटं गारठलेली, अक्षर वाकडं आलं.