झडप

उणे अडतीस.
काउतोकेइनोच्या पुढे, जिथे रस्ता संपतो,
बाबा रेनडिअरच्या नाकपुड्यांवर उघडा तळवा धरतात.
"श्वास गार येतोय," म्हणतात. "म्हणजे ठीक चाललंय."

त्या नाकात हाडांच्या पातळ गुंडाळ्या आहेत,
कुणी जुनी पत्रं सुरळी करून ठेवावीत तशा.
हवा आत जाताना तिथून ऊब उचलते,
बाहेर पडताना परत ठेवते.
उसनं घेतलेलं उंबऱ्यातच फेडायचं.
फुप्फुसांना पत्ताच नाही की बाहेर जानेवारी आहे.

पायांतही तोच व्यवहार :
धमनी गरम उतरते, शीर गार चढते,
अरुंद वाटेवर दोघी अंगाला अंग घासून जातात
आणि ऊब या हातातून त्या हातात.
खूर बर्फाला टेकलेले, बर्फासारखेच,
आणि पोटातल्या पाडसाला
एकाही पावलाची थंडी पोचलेली नाही.

माझं शरीर एवढं हुशार नाही.
ते आधी बोटं सोडून देतं, मग नाकाचा शेंडा.
रक्त आत ओढून घेतं, दार लावतं,
मांड्या थरथरवून ऊब काढतं.
सकाळी खाल्लेलं बिदोस त्यात जळतंय,
म्हणजे पुन्हा रेनडिअरच.

बाबांच्या छातीत मात्र एक गाय आहे.

दोन वर्षांपूर्वी ट्रोम्सोला बसवली.
गाय म्हणजे तिच्या हृदयावरच्या आवरणाचा तुकडा,
शिवून केलेली तीन पाकळ्यांची झडप.
तरुण डॉक्टरीण कागदावर चित्र काढून सांगत होती,
रक्त पुढे जातं, मागे येत नाही.
बाबांनी विचारलं, "कुणाची?"
"गाईची."
"ते कळलं. कुणाच्या गोठ्यातली?"
तिला माहीत नव्हतं.
परतीच्या आठ तासांत बाबा एकदाच बोलले :
"कानावर कुणाची खूण होती हे ठाऊक नसलेलं जनावर
मी आजवर घेतलं नव्हतं, रिस्तेन."

त्या शरदात कुंपणात सुरी मी चालवली.
ते उलट्या बादलीवर बसून होते, वजन उचलायची मनाई.
बैल उघडला. वाफ.
चार कप्प्यांचं पोट, त्यात अजून शेवाळ दळलं जात असल्यासारखं गरम,
काळीज, जड आणि निसरडं,
फुप्फुसं, हात लावताच फुसकन बसलेली,
आणि हृदय, माझ्या मुठीहून मोठं.
माझा भाचा नीलास सात वर्षांचा. त्याने विचारलं,
"यातला मालक कोण?"
बाबांनी बराच वेळ घेतला.
"आपल्या सीदात मालक कोण?"
"ज्याची कळपावर पाळी असेल तो."
"मग तसंच असेल," बाबा म्हणाले.
थोड्या वेळाने म्हणाले, "नाहीतर पोटच.
सारखं तेच बोलत असतं."

आता स्नो-स्कूटर सुरू होत नाही. चालतोय.
वारा सुटलाय, कळप दिसत नाही, ऐकू येतो.
प्रत्येक पावलाला घोट्यातली कंडरा हाडावरून सरकते, टिक,
शेकडो टिक. आंधळ्या वाऱ्यात
त्या आवाजाला धरूनच ते एकमेकांजवळ राहतात.
बाबा थांबतात. वाकतात. गुडघ्यांवर हात.
मी मोजते. त्यांचे श्वास, मग माझे, मग सरमिसळ.
लोखंडाची झडप असती तर तीही टिकटिकली असती.
ही गप्प. उघडते, मिटते, दुसऱ्याच कुणाच्या
उन्हाळी कुरणाबद्दल अवाक्षर काढत नाही.
"चल," ते म्हणतात, मला की तिला, कोण जाणे.

रात्री झोपडीत त्यांनी घामाने भिजलेला सदरा काढला,
तेव्हा उरोस्थीवरच्या पांढऱ्या वळाशेजारी दिसलं :
निळ्या बॉलपेनने काढलेला छोटा कान,
वरून एक खाच, मागून दोन.
आमच्या घरची खूण.
रेषा पुसट झालेल्या, त्यांवर पुन्हा गिरवलेल्या,
कितीदा, कोण जाणे.

मी पाहिलं हे त्यांनी पाहिलं.
"पेनातली शाई गोठलीय," ते म्हणाले,
"जरा चुलीजवळ ठेव."