सरातुरा : जोड तास

चौघंच आहात, तेव्हा पुढच्या बाकावर या.
तिसरी-चौथी एकत्र,
भूगोल-इतिहासही आज एकत्र.
तपासनीस साहेबांना सांगू नका.

लिहा. चतुःसीमा.
उत्तरेला ओकची राई. गेल्या शरदात तिथूनच अस्वलीण आली
आणि गाव्रीलच्या मधाच्या पेट्या उपड्या करून गेली.
दक्षिणेला ओढा. ऑगस्टात कोंबडीचेही पाय भिजत नाहीत त्यात,
पण सत्तर सालच्या मे महिन्यात त्यानं
पूल नेला, गिरणी नेली,
आणि कोज्मा, तुझ्या पणजोबांचा लग्नातला पलंग.
पूर्वेला खचता डोंगर,
दरवर्षी वीतभर खाली सरकतो.
दफनभूमी त्याच्यावरच आहे,
म्हणजे आपले मेलेलेही
सावकाश घराकडे निघालेत.
पश्चिमेला रस्ता.
कुठं जातो?
"तोरिनोला, बाई," लेओन्तीना म्हणते.
बरोबर. तिची आई तिथं
कुणा दुसऱ्याच्या म्हातारीला सूप भरवते.

मध्यभागी झरा. खारा.
त्याच्यावरूनच गावाचं नाव.
गाव मेंढ्यांनी वसवलं, माणसांनी नाही :
त्या दगड चाटत बसल्या,
हलेचनात,
शेवटी धनगरानं तिथंच चूल मांडली.

पुढं मीठ सरकारचं झालं.
झऱ्यावर बंदूकवाला पहारेकरी.
बायका नुसत्या पाय धुवायला जायच्या,
लोकरीचे घागरे गुडघ्यापर्यंत बुडवून
निथळत घरी यायच्या
आणि कढईवर पिळायच्या.
जिच्यावर घर चालतं तिला आपल्याकडं अजून
"जड घागऱ्याची" म्हणतात, ते त्यामुळं.
(हे पुस्तकात नाही. समासात लिहा.)

सोळा साली लढाई वरच्या कड्यावर झाली.
दोन्हीकडच्या जखमी पोरांना
याच पाण्यानं धुतलं.
"आवाज फार झाला त्या साली,"
एवढंच सावेता आजी सांगायची.

मग वह्या घेऊन माणसं आली,
बैल लिहून घेतले, नांगर लिहून घेतले, कुंपणं काढली.
इलारिओननं सही दिली नाही.
तिसऱ्या दिवशी दिली.
मधल्या दोन दिवसांचा उल्लेख कुठंच नाही,
फक्त त्यानंतर त्याच्याशी
उजव्या कानाकडूनच बोलावं लागे.

सत्त्याहत्तरच्या मार्चमध्ये धरणी हलली.
घंटा आपोआप वाजली,
आणि झरा अकरा दिवस गोड झाला.
लोक भूकंपाला नाही एवढे
त्या गोड पाण्याला भ्यायले.
कुणी ओंजळ लावली नाही.
गुरंसुद्धा हुंगून परतली.

एकदा राजधानीत कुणीतरी आपल्याला रबरानं खोडलं :
घरं पाडायची, माणसं खालच्या चाळीत न्यायची.
पाडायला येण्याआधी
तेच गेले.
पण नकाशावर परत लिहायचं
राहून गेलं कुणाचं तरी.
म्हणून तुम्ही शोधता तेव्हा सापडत नाही.
डोळे तपासायची गरज नाही, इलिंका.

लोकसंख्या : एकसष्ट.
थांबा, मंगळवारी तोदोसिया गेली.
साठ. पेन्सिलीनंच लिहा.

दुमित्राश, हात का वर?
"बाई, झरा परत गोड झाला तर?"

परीक्षेत नाही येणार ते.
खिडकी लाव. मेंढ्या उतरतायत,
धूळ आत येईल.