तीस फ्रेम

ऐरोली, सेक्टर तीन. रात्रीचे पावणेबारा.
कृष्णाकाकूचे बेचाळीस सेकंद
घेऊन बसलोय लॅपटॉपपुढे.
मूळ फाइल एकशे दोन एमबी.
निनाद जहाजावर. तिथे दिवसाला
माणशी पाच एमबी वाटणीला,
आणि फोन त्याचा तोच,
खाडीपुलावर पडून तडकलेला.

आधी आकार उतरवला. चारशे ऐंशीवर
मागची भांड्यांची मांडणी विरघळली,
काकूच्या नाकातली चमकी गेली.
जाऊ दे.
मग पंधरा फ्रेम करून पाहिले.
फाइल झाली हलकी, पण
काकूची बोटं मधूनच उड्या मारू लागली,
‘सावकाश ये’मधलं सावकाश गळलं,
नुसतंच ये, ये, ये.
जन्मापासून ती हातांनीच बोलते.
तीसच ठेवले.

उरला आवाजाचा ट्रॅक.
इथे बोलतंय कोण, म्हणून उडवायलाच निघालो होतो;
सवयीनं आधी हेडफोन लावला.
बांगड्या. कुकरची अर्धी शिट्टी.
आणि घशातून येणारा तो बारीक हुंकार
प्रत्येक वाक्य संपताना,
तिला स्वतःला ठाऊक नसलेला.
लहानपणी तो ऐकल्याशिवाय
निनाद झोपायचा नाही.

मोनो. बत्तीस केबीपीएस. असू दे.
त्याची भरपाई चित्रातून काढली;
भिंतीच्या निळ्या रंगाचे चौकोन पडले.

चार पॉइंट नऊ.
पाठवली.
एकच टिक.

सकाळी काकू दारात उभी राहील,
तळहात उलटा करून विचारेल: पोचलं?
आवाजाचं तिला कसं सांगायचं
ते अजून ठरवलेलं नाही.