वाक्यात उपयोग करा

पापाच्या तिकटीजवळ, माडीवर,
रात्रीचा इंग्रजीचा वर्ग.
फळ्यावर मी लिहिलं : निग्लेक्ट.
पुढं, दुर्लक्ष करणे.

मालन सातपुतेनं पेन खाली ठेवलं.
बोटांना दिवसभराच्या वादीचा वास.
‘सर, दुर्लक्ष करणाऱ्याचं झालं.
ज्याच्याकडं होतंय, त्याची आबाळ असती की.
दोघांस्नी शब्द एकच?’

मी डिक्शनरी चाळली.
पंखा तेवढा फिरत होता.

‘कातड्याला तेल न्हाई दिलं
तर वरडत न्हाई ते,’ ती म्हणाली,
‘अंगठ्यापाशी चिरतंय नुस्तं.’

नऊला वर्ग सुटला.
जिना उतरताना ऐकू आलं नाही काही :
माझ्या चपलेची करकर
कधी थांबली होती, कुणास ठाऊक.

फळा तसाच राहिला,
पुसायचा.