पाच व्होल्ट

अकरा हजारांच्या लाइनीखाली बत्तीस वर्षं काढली मी,
मांगलियापासून महूपर्यंत,
आणि आता हा तळहाताएवढा फोन
सकाळी नऊला लावला तर
वरणभात होईतो अर्धासुद्धा भरत नाही.
खोक्यावर छापलंय, चाळीस मिनिटं.
खोकं जपून ठेवलंय मी. पावतीसकट.

शाल्मली बंगळुरूहून म्हणाली,
बाबा, आधी प्लग बदलून बघा.
बदलला.
बोर्डात नको, थेट भिंतीत.
थेट भिंतीतच आहे.
बंद करून चालू करा.
केला.
सेटिंगमध्ये बॅटरी, तिथे खाली बटण, हिरवं दिसतंय?
दिसतंय.
मग भोकात कचरा असेल.

भिंग धरून, दातकोरण्यानं
बाहेर काढला खिशातला राखाडी कापूस
आणि लवंगी शेवेचा एक कण,
इतका अखंड, की परत तोंडात टाकावा.
हे तिला सांगितलं नाही.
कोलेस्टेरॉलवर गेली असती गाडी.

तरी ती विजेची खूण काही उमटेना.

जेल रोडवर तनवीरचं दुकान, म्हणजे एक काउंटर
आणि एक स्टूल, तेही गिऱ्हाइकासाठी.
त्यानं बोटाएवढं मीटर मध्ये अडकवलं.
पाच व्होल्ट. अर्धा अँपियरही नाही.
त्याची स्वतःची वायर लावली, आकडा उडाला नऊवर.
माझी लावली. पाच.
"अंकल, केबल गूंगी है."

मी म्हटलं, मुकी म्हणजे?
तर पोरगं मला वीज शिकवायला लागलं.
हिच्या पोटात चार तारा. दोन विजेच्या, दोन बोलण्याच्या.
चार्जर आधी विचारतो, किती सोसेल?
फोन सांगतो, नऊ दे. मग तो नऊ देतो.
बोलायची तार तुटली, की प्रश्नच पोचत नाही.
मग चार्जर उगाच जोखीम घेत नाही,
पाच देत राहतो.
पाचानं कुणाचं काही बिघडत नाही.

खांबावर चढायचो तेव्हा
विजेनं कधी विचारलं नाही कुणाला, किती सोसेल.
ती यायची. गजानन मोघ्याला आली तशी.

स्टुलावर बसून मी वायर बोटांत फिरवत होतो.
वरचं रबर अगदी नवं, कुठे चीर नाही.
जेवलीस? जेवले.
थंडी आहे का तिकडे? नाही.
गोळ्या घेतल्या? घेतल्या.
ठेवू? ठेवा.
रोज रात्री, साडेनवाला, न चुकता.

तिनं नोकरी सोडली, तेव्हा मी जे बोललो
ते इथे लिहीत नाही.

अडीचशेची वायर एकशे ऐंशीला घेतली.
जुनी टाकवेना, ती फ्यूजतारेच्या डब्यात ठेवली.
घरी लावली तर विजेच्या दोन खुणा, एकीला एक चिकटून,
आणि टक्के असे पळताहेत
जसा आमच्या वेळचा मीटर गिरणीत.

तिला फोन केला. दुपारी. साडेनऊ वाजले नव्हते,
म्हणून आधी घाबरली.
काय निघालं मग, तिनं विचारलं,
आणि मी सगळं सांगितलं,
शेवेच्या कणासकट, चार तारांसकट.
हसली. मग गप्प झाली.
मीही. वायर मध्ये.
मग म्हणाली, बाबा, त्या दिवशी तुम्ही

आणि कान भाजायला लागला.
पडद्यावर पाटी आली,
फोन तापला आहे, वेग कमी केला आहे.
वाचून दाखवली तिला.
ती म्हणाली, कव्हर काढा त्याचं.
लादीवर ठेवा. स्पीकर लावा.

कव्हर काढलं.
लादीवर ठेवला, आणि शेजारी मीही बसलो,
गुडघे वाजले ते तिला तिकडे ऐकू गेले.
हं, म्हटलं. बोल.

एकसष्टवर होता तेव्हा.
हळूहळू भरत होता.